कपाटावरचे दोन फूट

मे महिना आला की मला भांडावंसं वाटतं. कुणाशी, ते दिवस वर चढेल तसं ठरतं. परवा प्लायवूडवाल्या शेठजींशी ठरलं. मी दुकानात पाऊल टाकलं तसं ते गल्ल्यावरूनच म्हणाले, "मॅडम, तुमी आल्या की आमचं शटर आपोआप खाली येतंय बगा."

"येऊ द्या की. आत बसून निवांत बोलू," मी म्हटलं, आणि तासभर बोलले. शेवटी त्यांनी हात जोडले, माझ्यासाठी थंड ताक मागवलं आणि माझा दर मान्य केला. ताक पिताना वाटलं, भांडण फार लवकर संपलं. अंगातली धग तशीच राहिली.

सोलापूरचा मे. सकाळी दहालाच स्कूटरची सीट तापून बसवत नाही. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून पापड-कुरडया वाळत घातलेल्या असतात आणि त्यांची राखण करणाऱ्या बायका टाकीच्या सावलीत सरकत सरकत दिवस काढतात. पूर्व भागातले यंत्रमाग मात्र उन्हाची पर्वा करत नाहीत. त्यांचा खटखटाट तसाच चालतो, जणू शहराला दात वाजवायची सवय लागली आहे. मी त्या आवाजात वाढले. तो थांबला तर मला झोप लागत नाही, आणि चालू असला तर घरात बसवत नाही.

याच दिवसांत चित्रकलेच्या कॉलेजची परीक्षा संपते आणि रस्त्यांवर काळी मोठी फोल्डरं दिसू लागतात. काखेत न मावणारी, दुचाकीवर वाऱ्यानं शिडासारखी फुगणारी. ते फोल्डर दिसलं की मी स्कूटर हळू करते. एकेकाळी तसंच एक घेऊन मी या शहरात दारोदार फिरले आहे.

तेव्हा मी इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली होती. गोष्टीला साजेशी चित्रं काढायची, हे आमचं शिक्षण. पण माझी गंमत अशी की मला गोष्टीतली माणसं आवडायचीच नाहीत. राजा-राणीच्या गोष्टीला मी महाल काढायचे. कमानी, झुंबर, पायऱ्या, पडद्याची घडी. आमच्या मॅडम चष्मा कपाळावर सारून विचारायच्या, "अगं, राजा कुठाय?" मी म्हणायचे, "बाहेर गेलाय." वर्ग हसायचा. पण मला त्याच वर्षी कळलं होतं की मला खोल्या काढायच्या आहेत, आणि नुसत्या काढायच्या नाहीत, त्यात माणसं राहिलेली बघायची आहेत.

हे घरी सांगणं अवघड होतं. आमच्या घरी तेलुगू बोलतात. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. नान्ना चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चादरीवरचा मोर आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून उतरवावा लागतो, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात आणि मग मोर विणला जातो. नान्नांनी असे किती मोर काढले असतील, देव जाणे. चौकोनांचे मोर, पाय जिन्यासारखे. लहानपणी मला ते आवडायचे. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली. माझी रेघ मोकळी होती ना. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "तुझे बाबा पण आर्टिस्ट आहेत?" मी म्हणायचे, "कारखान्यात आहेत."

त्या उन्हाळ्यात मी काय काय करून पाहिलं! एका छापखान्यात गेले, तर लग्नपत्रिका छापणारे काका म्हणाले, "गणपती पंचवीस प्रकारचे तयार हायत आमच्याकडं. सव्विसावा कशाला पायजे?" एका बालवाडीची भिंत रंगवली. हत्तीला हसू काढलं, तर बाई म्हणाल्या, दात दिसायला नकोत, मुलं घाबरतात. टॉवेलच्या कारखान्यात सांगितलं, तुझ्या वडिलांना पाठव. दर दुपारी मी तापलेल्या फोल्डरसकट घरी यायचे, माठातलं पाणी घटाघटा प्यायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. अम्मा म्हणायची, "पायाला भिंगरी लागली काय गं?" लागलीच होती. बसले की वाटायचं, सगळे पुढं जाताहेत.

आणि मग सरांचं ऑफिस. नाव सांगत नाही. शहरातले मोठे इंटिरियर डिझायनर, अजूनही आहेत. ऑफिसात गारवा इतका की घामाचं मीठ व्हायचं. त्यांनी माझं फोल्डर चाळलं आणि म्हणाले, "चित्रं छान आहेत. पण आम्ही चित्रं लटकवतो, काढत नाही." सगळे हसले. मी उठले नाही. म्हटलं, "एक काम देऊन बघा." कदाचित माझ्या तोंडाकडे बघूनच ते म्हणाले, "बरं. देशमाने बाईंच्या बेडरूमचं कपाट. उद्या सकाळी दाखव. नीट झालं तर जूनपासून ये."

जूनपासून ये. चौदा वर्षं झाली, ते दोन शब्द मला अजून त्या गारव्यासकट ऐकू येतात.

पुढची हकिगत मी आजवर शंभरेक लोकांना सांगितली असेल, आणि ती अशी. मी रात्रीचा दिवस करून कपाट काढलं. सगळे डिझायनर छतापर्यंत नेतात तसं न नेता दोन फूट खाली थांबवलं. सरांनी कागदावर सही केली. मिस्त्रींनी कपाट उभं केलं. ते बघून सर देशमाने बाईंच्या देखत माझ्यावर ओरडले, "वर एवढी जागा कुणासाठी सोडलीस? कबुतरांसाठी? हिला घर काढता येत नाही, गोष्टीच काढता येतात!" बाई संकोचून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी भिंतीवर डकवलेला माझा कागद ओढून काढला आणि निघाले. तो जून आलाच नाही.

महिन्याभरानं भाजीबाजारात देशमाने बाई भेटल्या. शाळेत शिकवायच्या, स्वभावानं गोड. म्हणाल्या, "अगं, त्या वरच्या जागेची काय मजा झालीय! जादाच्या गाद्या, पापडाचे डबे, नातवाचा पाळणा, सगळं वर. घरातला पसाराच गेला. मी सरांना म्हटलं, तेवढं बरं सुचलं. तर म्हणाले, मुद्दामच ठेवली ती जागा."

मुद्दामच.

त्यानंतर सरांनी या शहरात जेवढी कपाटं केली, त्या सगळ्यांवर दोन फूट मोकळे. मी कुणाच्या वास्तुशांतीला गेले तरी आधी कपाटाच्या वर बघते. जेवण काय आहे, ते नंतर. दोन फूट दिसले की ताट तसंच राहतं. नवरा म्हणतो, "अगं, निदान सत्यनारायणाकडे तरी बघ." मी बघते, पण तिरक्या डोळ्यानं.

याच रागावर मी उभी राहिले, हे कबूल करते. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केला. पहिलं काम एका केशकर्तनालयाचं, दुसरं एका दवाखान्याच्या वेटिंग रूमचं. फरशीवाल्यापासून फॅब्रिकेटरपर्यंत सगळ्यांशी भांडायला शिकले. पुढं ऑफिस घेतलं तेव्हा माझ्या खुर्चीमागं तो जुना कागद फ्रेम करून लावला. लोक विचारतात, हे काय? मी सांगते, सोलापुरातलं दोन फूट सोडलेलं पहिलं कपाट. माझं. लोक मान हलवतात. गिऱ्हाईक प्रभावित होतं. काम सुरू होतं.

गेल्या आठवड्यात अक्षता आली. दुधनीची मुलगी, वडिलांचं डाळीचं दुकान, घरी कन्नड, इथं शिकायला मावशीकडं राहते. इलस्ट्रेशनची शेवटची परीक्षा नुकतीच झालेली. काळं फोल्डर दारात अडकलं, ते तिरकं करून आत घेतलं आणि घाम पुसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, चित्रकलेवाल्यांना इंटिरियरमध्ये घेतात का?"

"कोण म्हणतं घेत नाहीत?"

"सगळेच म्हणतात की. बाबा म्हणतात, भिंती रंगवायच्या तर पेंटर हाय की गावात. म्हणतात, जूनपर्यंत काही ठरलं नाही तर दुकानावर बस."

मी तिची चित्रं बघत होते. गोष्टींची चित्रं. पण प्रत्येक चित्रात माणूस लहानसा आणि मागची खोली भरगच्च. चुलीवरची फळी, फळीवरचा डबा, डब्याचं वाकडं झाकण. मला हसू आलं, ते मी दाबलं. भाव करताना आवडलेली वस्तू हातात धरायची नसते.

"इंटिरियरमधलं काय येतं तुला?"

"कॉलेजात एका सरांचं भाषण झालं होतं, त्यातलं थोडं." तिनं नाव सांगितलं. तेच. "ते म्हणाले, कपाट छताला भिडवू नये, दोन फूट सोडावेत. कपाटालाही श्वास हवा. त्यांची खास शैली आहे ती. मला लई आवडलं."

माझ्या हातातलं पेन टेबलावर आपटलं गेलं. श्वास! माझ्या दोन फुटांना त्यानं नावसुद्धा ठेवलं होतं. मी खुर्ची गर्रकन फिरवली आणि फ्रेमकडे बोट दाखवलं. "ते बघ. चौदा वर्षांपूर्वीचं. ते दोन फूट कुणाचे आहेत, नीट बघ."

चूक इथं झाली. ती खरोखरच नीट बघायला लागली.

लोक खुर्चीच्या पलीकडून बघतात. ही टेबलाला वळसा घालून आली, चवड्यांवर उभी राहिली, नाक काचेला लागेपर्यंत पुढं गेली. पंखा वर घरघरत होता. मी वाट बघत होते की ती म्हणेल, बाप रे मॅडम.

"मॅडम," ती म्हणाली, "पण ह्यात कपाट छताला टेकलंय की."

मी खुर्ची पुन्हा टेबलाकडे फिरवली.

"ही बघा ना, छताची रेघ. पेन्सिलची हाय, पुसट झालीय. कपाट तिथंपर्यंत गेलंय." थोडं थांबून ती स्वतःशीच म्हणाली, "आणि हे बारीक चौकोन चौरस न्हाईत. बसके आहेत. एका मोठ्या चौकोनात आडवे आठ भरतात, उभे दहा. कसला कागद हाय हा?"

वीस-वीस वर्षं धंद्यात मुरलेल्या कंत्राटदारांना मी चूप केलं आहे. या मुलीपुढं मी टेबलावरचं पेन उचलून उगाच टोपण लावत बसले. आणि तिनं अगदी साधेपणानं, फक्त कुतूहलानं विचारलं, "मॅडम, ह्याची कडा का कापली?"

चौदा वर्षांपूर्वी सरांनी काम दिलं, त्या दुपारी स्टेशनरीची दुकानं बंद होती. सोलापूर एक ते चार झोपतं. मला धीर नव्हता, सकाळी कागद दाखवायचा होता. नान्नांच्या फळीवर ग्राफचे कागद होते, त्यातला एक घेतला. चादरीच्या ग्राफचा बारीक चौकोन चौरस नसतो. उभे धागे आणि आडवे धागे सारख्या दाटीनं बसत नाहीत, म्हणून ठळक रेघांच्या एका चौकोनात आडवी आठ आणि उभी दहा घरं. तान्ह्या वयापासून मला हे माहीत. नान्नांचा एकच नियम होता: पट्टी लावायची नाही, घरं मोजायची. मीही घरं मोजूनच काढलं. एक घर तीन इंच. आठ फूट रुंद, दहा फूट उंच, बरोब्बर छतापर्यंत. कपाटाचं एक दार अर्धवट उघडं ठेवलं, आत साड्या काढल्या, खाली ट्रंक. आकडे मात्र लिहिले नाहीत. आकड्यांनी चित्र बिघडतं, असं वाटायचं तेव्हा.

आणि मग अम्माची शिलाईची कात्री घेऊन डावी कडा कापून टाकली. त्या कडेवर आठ गुणिले दहा असं छापलेलं होतं, आणि खाली नान्नांची सही, तेलुगू अक्षरांत. कारखान्यात कागदांची सरमिसळ व्हायची, म्हणून ते प्रत्येक कोऱ्या कागदावर आधीच सही करून ठेवायचे. त्यांचं नाव जगात तेवढ्याच जागेवर असायचं. चादरीवर तर कारखान्याचं लेबल.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी मल्लप्पा मिस्त्रींनी कागद हातात घेतला. अक्कलकोटकडचा माणूस, कानावर पेन्सिल. म्हणाले, "ताई, माप कुटं हाय ह्यात?"

सर शेजारीच उभे होते, फोनवर.

"मोठा चौकोन म्हणजे दोन फूट," मी म्हटलं.

मिस्त्रींनी कागद उभा धरला, आडवा धरला. "उभा-आडवा दोनी?"

हा प्रश्न मी चौदा वर्षांत कुणालाही सांगितलेला नाही. त्या माणसानं विचारलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, नाही मामा, उभी दहा घरं, म्हणजे उभा अडीच फूट, हा चादरीचा कागद आहे, माझे वडील ग्राफ काढतात. सरांचा फोन संपत आला होता.

"हो, हो. दोन्ही," मी म्हटलं.

उंचीचे चार मोठे चौकोनही दोन-दोन फुटांचे धरले गेले आणि कपाट आठ बाय आठ झालं. वर दोन फूट उरले. सर ओरडले तेव्हा मिस्त्री म्हणालेसुद्धा, "चितरात हाय तसंच केलंय की साहेब." आणि सरांनी, सही करताना ज्यांनी कागदाकडे पाहिलं नव्हतं त्या सरांनी, सगळं माझ्यावर ढकललं. ते चुकलेच. पुढं त्यांनी खोटं सांगितलं, हेही खरं. पण खोटं सांगणारे ते एकटे नव्हते. त्यांनी म्हटलं मुद्दाम केलं, मीही शंभर लोकांना तेच सांगत आले. ते दोन फूट खरं तर कुणाचेच नव्हते.

मी हे अक्षताला सांगितलं. सगळं, मिस्त्रींच्या प्रश्नासकट. सांगताना आवाज चढलाच. माझा आवाज कबुली देतानाही भांडल्यासारखा लागतो. ती खाली बघून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आता सही कुटं हाय?"

"कसली?"

"तुमच्या बाबांची. कापलेली."

मला माहीत नव्हतं. कधी विचारच केला नव्हता.

फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागं फिकट चौकोन राहिला. तिला स्कूटरवर मागं बसवलं, तिनं फोल्डर खांद्याला अडकवलं, फ्रेम पोटाशी धरली आणि भर उन्हात आम्ही पूर्व भागात गेलो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बसून राहणं शक्य नव्हतं, एवढंच.

नान्ना ओसरीवर बसले होते. आता ग्राफ संगणकावर होतात. नान्नांची नजरही मंदावली आहे. पण फळीवर कागदांची चळत अजून आहे. मी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काचेवर बोट फिरवलं, डाव्या कडेशी थांबले.

"कपाट," ते म्हणाले. "हे छोटं झालं असणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तेव्हाच दिसलं होतं. तू रंगवून वाळत ठेवलं होतंस ना, गच्चीच्या जिन्यावर. म्हटलं, आकडे नाहीत, कुणीतरी पट्टी लावणार. दोन फूट जाणार."

माझं डोकं तापलं. चौदा वर्षांचा सगळा मे एकदम वर आला. "मग सांगितलं का नाही नान्ना? तोंडातून एक शब्द काढला असतात तर माझं..."

नान्ना शांतपणे म्हणाले, "कडा कापली होतीस. म्हटलं, हिला हा कागद आपला नको आहे. परक्या कागदात मी कसं बोलणार?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

अक्षतानं कुणालाही न विचारता फळीवरून एक कोरा कागद काढला आणि नान्नांच्या पायाशी बसली. "आजोबा, उभी घरं कुठून मोजायची? खालून की वरून?"

"खालून. विणकाम खालून वर जातं."

तिनं बोट टेकवलं. नान्ना तेलुगूत मोजायला लागले, ओकटी, रेंडू, मूडू, आणि ती मागोमाग कन्नडमध्ये. दहाला दोघंही एकदम पोचले आणि हसले.

सरांवरचा माझा राग गेलेला नाही. तो मी एवढ्या स्वस्तात सोडणार नाही. पण फ्रेम मी परत खुर्चीमागं लावलेली नाही. ती ओसरीवरच आहे. निघताना नान्नांना म्हटलं, "ही मुलगी जूनपासून माझ्याकडे येतेय. तिला कागद लागतील. पाच द्या."

त्यांनी पाच कागद मोजून दिले. प्रत्येकाच्या कडेला सही होती. अक्षता ते फोल्डरमध्ये सरकवत होती, कडा दुमडणार होती, तशी मी ओरडले, "हळू! ती कडा सांभाळ!"